ऑर्फाचे बूट

लव्हेडा साइझमोर गायला लागली की केंटकीच्या डोंगरातली कुत्रीसुद्धा भुंकायची थांबतात, असं लोक म्हणत. तिची थोरली बहीण ऑर्फा म्हणे, "कुत्र्यांना काय कळतंय!"

राग जुना होता. लव्हेडा गाण्यात नशीब काढायला नॅशव्हिलला निघाली तेव्हा तिच्या पायांत ऑर्फानं काढून दिलेले स्वतःचे एकुलते एक बूट होते. पहिलं गाणं तिनं त्यांवरच रचलं आणि रेकॉर्डिंगला घाबरून नेमकी बुटांचीच ओळ विसरली. तिथं नुसतं 'हं हं हं' करून तिनं वेळ मारून नेली. रेकॉर्ड काढणारा म्हणाला, "राहू दे असंच, काळजाला भिडतंय." गाणं देशभर गाजलं. शाळेतल्या पोरींपासून बारमधल्या गवयांपर्यंत सगळे त्या जागी इमानेइतबारे गुणगुणू लागले.

"विसरले गं ताई," लव्हेडानं तेव्हाच सांगितलं होतं.

"ज्या बुटांनी चालत गेलीस, तेच विसरलीस?" ऑर्फा म्हणाली होती. तेव्हापासून दोघींचं बोलणं हवापाण्यापुरतं.

आता लव्हेडाचा गळा थकला होता. यंदाच्या चर्चच्या गावजेवणात, ऑर्फाच्या देखत ती ओळ गायचीच, असं तिनं मनाशी ठरवलं. राजमा, मक्याचा पाव आणि ऑर्फाचा सफरचंदाचा थरांचा केक झाल्यावर तिनं गिटार घेतली.

गाणं त्या ओळीपाशी आलं. "ऑर्फाचे बू..."

"हं हं हं!" सगळं पटांगण डोळे मिटून गुणगुणलं. पाद्री सगळ्यांत मोठ्यानं.

तिनं पुन्हा सुरुवात केली. लोकांना वाटलं, बाई खुशीत आहे. या वेळी त्यांनी दोन सुरांत गुणगुणलं.

"अरे मेल्यांनो, गप्प बसा! इथं शब्द आहेत!"

सगळे चिडीचूप झाले. लव्हेडानं ओळ पुरी केली: "ऑर्फाचे बूट घालून मी डोंगर उतरले, ती अनवाणी हसत राहिली."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "जुनंच बरं होतं."

पटांगण हसून लोळलं. सगळ्यांत आधी हसली ती ऑर्फा. एप्रनला डोळे पुसत लव्हेडापाशी आली.

"म्हणजे इतकी वर्षं हे सगळे माझेच बूट गुणगुणत होते?"

"तुझेच गं, ताई."

ऑर्फानं केकचा मोठ्ठा तुकडा तिच्यापुढे ठेवला.

"मग राहू दे त्यांचं हं हं. बूट कुठायत?"

"कपाटात. जपून ठेवलेत."

"जपून काय ठेवतेस, भवाने? उद्या आण. आणि पॉलिश करून आण!"