न आवळलेला स्क्रू

मी एक जुना प्लगपॉइंट आहे, मित्रांनो. तीन छिद्रांचा, एके काळी पांढराशुभ्र, आता पार पिवळा पडलेला. माझी दोन छिद्रं विजेची आणि तिसरं अर्थिंगचं. यंत्रात कुठे वीज गळली, तर तिला गुपचूप जमिनीत नेऊन सोडायचं, माणसाच्या अंगातून जाऊ द्यायचं नाही, हे त्या तिसऱ्याचं काम. त्याच्या मागे एक पितळी स्क्रू असतो. त्यात हिरवी वायर घालायची आणि स्क्रू आवळायचा, बस्स. माझ्या नशिबी तेवढंही आलं नाही.

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या किनाऱ्यावरच्या एका गावात नांग फेलिसाची, म्हणजे फेलिसाताईची, खानावळ होती. सकाळी बाचॉयचा, म्हणजे शेवयांच्या सुपाचा, रस्सा उकळायला लागला की कोळी, रिक्षावाले, शाळेतल्या बाई, सगळे वाडगं धरून हजर. बाईच्या हाताला चव आणि जिभेला धार. कुणी दारात रेंगाळलं की म्हणायची, "नुसत्या वासाने पोट भरणार असेल तर बाहेरच उभा राहा, मला तेवढीच खुर्ची मोकळी!"

त्या वर्षी नवा नियम आला. खानावळीत तीन छिद्रांचे पॉइंट हवेत, मागे अर्थिंग हवं, तरच परवाना. फेलिसाच्या भिंतीत मात्र जुना दोन छिद्रांचा. घराचं वायरिंग केलं होतं नोंग तेबानने, म्हणजे तेबानदादाने. गावातला जुना वायरमन, शिवाय फेलिसाच्या लेकीचा, रोवेनाचा, बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. म्हणजे तो फेलिसाचा कुम्पारे आणि ती त्याची कुमारे. असं नातं आमच्याकडे सख्ख्या भावापेक्षा जपतात.

"कुम्पारे, हे नवीन काय काढलंय रे यांनी?" फेलिसाने विचारलं.

"अगं कुमारे, मी वायर ओढली तेव्हाच्या नियमात हे घर पास आहे. उद्या परत नियम बदलतील, मग काय दर वर्षी भिंत फोडू?" तेबान हसला. "त्यांना तीन छिद्रं बघायचीत ना? दाखवू. अर्थिंगचं गावचा सण झाला की बघतो."

त्याने जुना पॉइंट काढला आणि मला बसवलं. दोन वायरी जोडल्या. तिसरा स्क्रू तसाच. माणूस लबाड नव्हता हो! सण झाला की करणार, असं त्याला अगदी मनापासून वाटत होतं. तपासायला आलेले साहेब दारातूनच म्हणाले, "तीन आहेत? झालं तर मग!" आणि बाचॉय खायला बसले. मी आतल्या आत ओरडत होतो, अहो, मला एकदा उघडून तरी बघा! पण भिंतीतल्या पॉइंटचं कोण ऐकतं?

सण झाला. दुसरा झाला, तिसराही झाला. माझ्यावर मोठा लोखंडी फ्रीझर चालायचा. तो जुना होत गेला तशी त्याची वीज गळू लागली. हात लावला की मुंग्या यायच्या. फेलिसाने त्यावर तोड काढली. फ्रीझरशेजारी रबरी चपलांचा एक जोड ठेवला आणि सगळ्यांना दम भरला, "चपला घातल्याशिवाय दाराला हात लावाल तर याद राखा!" गिऱ्हाइकं हसायची. घरोघरी हेच चालायचं, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटलं नाही.

रोवेना दूर सेबू शहरातल्या एका हॉटेलात विजेचं काम बघायची. सणाला आली आणि तिने सहज आपला तपासायचा दिवा माझ्यात खोचला. तिचा चेहरा उतरला.

"नानाय," ती आईला म्हणाली, "याला अर्थिंगच नाही! मी आत्ता उघडते."

"खबरदार! तुझ्या नीनोंगचं, धर्मपित्याचं, काम आहे ते. सगळा गाव जेवायला येणार आणि तू त्याला खाली मान घालायला लावणार?"

"मग तूच सांग त्याला."

"सांगते गं. सण तर होऊ दे. आणि चपला आहेत ना!"

लेकीने दिवा काढून घेतला. मी काय करणार होतो? माझ्याकडून वीज जात होती, शब्द जात नव्हता.

सणाच्या दुपारी घर माणसांनी भरलं. वितळलेल्या बर्फाचं पाणी जमिनीवर पसरलं होतं. कुणीतरी परसात जाताना त्या चपला पायात सरकवून गेलं. तेबान मधल्या टेबलाशी ग्लास उंचावून ओरडला, "कुमारे, बर्फ! का स्वतःच जाऊन गोठवतेस?"

"आले रे, आले! तुझ्या घशाला काय आग लागलीय?" फेलिसा आली. खाली बघितलं. "अगं बाई, चपला कुणी नेल्या?" इकडे तिकडे पाहिलं, हसली, आणि ओल्या पायाने फ्रीझरचं दार धरलं.

थांब गं, थांब, असं मी किती म्हटलं. वीज माझ्यातूनच गेली, मित्रांनो. रोवेनाने धावत जाऊन मेन स्विच ओढला. तोवर उशीर झाला होता. फेलिसा परत उठली नाही.

मातीला जाऊन आल्यावर तेबान एकटाच आला. मला भिंतीतून काढून त्याने उलटं केलं. आतलं सगळं काळवंडलं होतं. तिसरा स्क्रू तेवढा कारखान्यातून आल्यासारखा चकचकीत. तो जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडला. मग भिंत फोडली, सळई जमिनीत ठोकली, हिरवी वायर ओढली, नवा पॉइंट बसवला. संध्याकाळच्या आत सगळं उरकलं. एवढंच काम होतं ते!

आता मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात असतो. घरोघरी बायका म्हणतात, "आमच्याकडे तीन छिद्रं आहेत की, नोंग!" तो मला काढतो, उलटा करतो आणि तो स्क्रू दाखवतो.

मित्रांनो, आम्हाला तोंड नाही. तुम्हाला आहे. तुमच्या घरातल्या पॉइंटकडे बोट दाखवून मोठ्यांना विचारा, याच्या मागे हिरवी वायर आहे का? रागावतील, रागावू देत. सण होऊ दे म्हणतील, तरी ऐकू नका.

खानावळ आता रोवेना चालवते. तेबान रस्सा प्यायला जातो तेव्हा मी खिशातून बघतो. तिथे नवा फ्रीझर आहे, अनवाणी उघडला तरी काही होत नाही. पण रोवेना आधी वाकते, आईच्या त्या रबरी चपला पायात घालते आणि मगच दाराला हात लावते.