सत्तावीस नंबरचा कोरा फॉर्म

वहिनीने माझा दहावीचा फॉर्म परस्पर भरला, वर फोटो चिकटवला आणि फ्रिजवर लावून टाकला. फोटो तिच्याच लग्नातला कापलेला. त्यात माझं तोंड वाकडं, आणि बाजूला कुणाच्या तरी मामांचा अर्धा कान.

"सही तेवढी कर," डबा भरता भरता ती म्हणाली. "सहा महिने आहेत. गणित मी घेते तुझं. सोपं आहे गं."

सोपं आहे. मी दोनदा गणितात उडाले, आणि दोन्ही वेळा ह्याच स्वयंपाकघरात, ह्याच टेबलावर ती मला शिकवत होती. वही स्वतःकडे ओढायची, पेन्सिलीने तीन ओळी लिहायची आणि म्हणायची, बघ, सोपं आहे. तिला खरंच सोपं असायचं. माझ्या डोक्यात मात्र ते ऐकलं की दार लागायचं. सोपं असून येत नाही, म्हणजे मीच दगड ना? एकदा तरी अवघड आहे म्हणाली असती, तर निदान दोघींना मिळून काहीतरी अवघड असतं.

"तुला सगळं सोपंच आहे," मी म्हणाले आणि फॉर्म ओढून काढला. चुंबक उडून सिंकमध्ये पडला.

"झालं, पेटली ठिणगी," आई म्हणाली. घरात मला ठिणगी म्हणतात.

दादा पेपराच्या मागून बोलला, "सकाळी सकाळी तिचं डोकं खाऊ नकोस. तिला कामावर जायचंय."

"मलापण कामावरच जायचंय."

ते तर होतंच. आम्ही दोघी एकाच कॉलेजात जायचो, एकाच बसने. वहिनी तिसऱ्या मजल्यावर गणित शिकवायला, मी तळघरात. आणि तळघरातलं काम मला मिळालं तेही वहिनीने शब्द टाकला म्हणून. त्या दिवशी मी मुद्दाम पुढची बस पकडली.

तळघरातलं काम असं. दर सत्राच्या शेवटच्या महिन्यात कॉलेजातल्या प्रत्येक पोराला प्रत्येक विषयासाठी एक फॉर्म भरायला लावतात. शिक्षक वेळेवर येतात का, समजेल असं शिकवतात का, प्रश्न विचारले तर चिडतात का. असे वीस प्रश्न आणि प्रत्येकापुढे पाच गोल. आधी हे सगळं मोबाईलवर होतं, पण शंभरातली बारा पोरं भरायची, म्हणून परत कागद आणले. तास संपायच्या आधी वाटायचे, भरून घ्यायचे, पाकिटात घालून सील. सगळे मिळून एकोणीस हजार फॉर्म. गोल मशीन वाचतं. खाली "आणखी काही सांगायचं आहे का?" म्हणून चार रेघा असतात, तिथलं अक्षर मशीनला लागत नाही. ते आम्ही सहा जणी टाईप करायचो.

आमच्यावर एक बाई होत्या. आम्ही त्यांना फूटपट्टी म्हणायचो, कारण त्या गठ्ठे मोजायच्या नाहीत, शेजारी फूटपट्टी उभी करून किती फॉर्म आहेत ते सांगायच्या, आणि फार तर दोन-तीनचा फरक पडायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी नियम सांगितले. जसं लिहिलंय तसंच टाईप करायचं, शुद्धलेखनही सुधारायचं नाही. शिवी असेल तर शिवी. चित्र असेल तर "चित्र, मांजर" असं लिहायचं. काहीच नसेल तर "कोरं" लिहायचं, ओळ गाळायची नाही.

"कोरं काय लिहायचं बाई, काहीच नाहीये तर?" मी विचारलं होतं.

"काही बोलायचं नाही, असं त्या पोराने सांगितलंय ना? तेही उत्तरच."

आणि शेवटचा नियम. ओळखीच्या माणसाचा गठ्ठा समोर आला तर उघडायचा नाही, बाजूला ठेवून त्यांना सांगायचं. ह्यावर आमच्या सह्या घेतल्या होत्या.

काम मला आवडायचं, खरं सांगते. पोरं काय काय लिहितात. "पंखा दुरुस्त करा." "सर फार हुशार आहेत, ते फक्त स्वतःला शिकवतात." "मॅडमचा आवाज गोड आहे असं पुढच्या बाकावरचे सांगतात." मी वाचून हसायचे आणि माझी बोटं चालत राहायची.

पाकिटांवर शिक्षकाचं नाव नसतं, नुसता नंबर. त्या सकाळी माझ्यापुढे आलं त्यावर ग-२०४ होता. आमच्या फ्रिजवर वहिनीचं टाईमटेबल आहे. त्यावर मंगळवार आणि गुरुवारी तीन वेळा ग-२०४ लिहिलंय. रोज पाणी घेताना मी ते वाचते.

मी पाकीट बाजूला ठेवलं नाही.

मला वाटलं होतं, आत पोरांनी धुतलं असेल तिला. तेच वाचायचं होतं. पण आत भलतंच. "मॅडम दोनदा समजावतात." "मॅडम रागवत नाहीत." "मॅडममुळे गणिताची भीती गेली." हे तर पाच-सहा जणांनी लिहिलेलं. मी टाईप करत गेले आणि माझे कान तापत गेले. भीती गेली? कुणाची गेली? मग माझी का नाही गेली? मी तर तिच्या घरातली होते.

सत्तावीस नंबरचा फॉर्म कोरा होता. चार रेघा, त्यावर काही नाही, एका कोपऱ्यात पेनाचा ठिपका.

मी टाईप केलं, "मॅडम प्रत्येक गोष्टीला सोपं आहे म्हणतात. ज्याला येत नाही त्याला वाटतं आपणच दगड आहोत. मग तो विचारायचं सोडून देतो."

एकदाही मागचं खोडलं नाही. मग अठ्ठावीस नंबर घेतला.

दुपारी फूटपट्टी बाईंनी माझं काम तपासलं. त्रेचाळीस फॉर्म, त्रेचाळीस ओळी. "चोख," त्या म्हणाल्या. "कोण म्हणेल हिला शाळेने नापास केलं म्हणून." बाकीच्या पोरींनी माझ्याकडे बघितलं. मी चहा प्यायले, दोन बिस्किटं खाल्ली. आता आठवलं की त्या बिस्किटांचीच जास्त लाज वाटते.

आठ दिवसांनी निकाल शिक्षकांच्या हातात गेले. वहिनी चार वर्षं दरवर्षी नव्याने सही करून शिकवतेय. यंदा तिला कायम करायचं की नाही ते ठरायचं होतं. समितीपुढे तीन गोष्टी जातात, गोलांचे आकडे, पोरांचे शेरे, आणि ते शेरे वाचून शिक्षकाने स्वतः लिहिलेलं एक पान. आकडे कुणी बघत नाही, असं दादा म्हणतो. शेरे सगळे वाचतात.

संध्याकाळी वहिनी तो कागद घेऊन टेबलाशी बसली. किती तरी वेळ एकाच जागी बघत होती.

"अगं, बाकी सगळे चांगले आहेत," दादा म्हणाला. "एक वाईट निघाला तर निघाला. कुठल्या तरी कार्ट्याने खुन्नस काढली असेल."

"वाईट नाहीये रे. खरं आहे." तिने मोठ्याने वाचून दाखवलं. माझं वाक्य, तिच्या आवाजात. "मी म्हणते असं. आणि तो बिचारा सबंध सत्र माझ्यासमोर बसला होता." मग माझ्याकडे वळली. "ठिणगी, तुला सांगता येईल. असं होतं का गं? सोपं आहे म्हटल्यावर?"

"मला काय माहीत," मी म्हणाले आणि पाणी प्यायला उठले. फ्रिजसमोर उभी राहून टाईमटेबल वाचलं. मंगळवार. गुरुवार.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात माफी मागितली. ज्याने लिहिलंय त्याने नाव सांगायची गरज नाही, म्हणाली, पण आजपासून रोज शेवटचा तास संपल्यावर मी अर्धा तास बसणार आहे, ज्याला यायचंय त्याने या. पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही. ती एकटी बसून राहिली आणि तिची बस चुकली. तिसऱ्या दिवशी दोन मुली आल्या.

"पण तो नाही आला," जेवताना ती म्हणाली. "मागच्या बाकावर एक निळा स्वेटरवाला आहे. कधी मान वर करत नाही. तोच असणार. मी मुद्दाम त्याला हाक मारली नाही. बिचकेल."

आई म्हणाली, "तू जेव आधी."

ती जेवली नाही. ताट बाजूला सारून पान लिहायला बसली, समितीचं. मी तिच्या खांद्यावरून वाचलं. पहिलंच वाक्य होतं, "एका विद्यार्थ्याला माझ्यामुळे स्वतःबद्दल वाईट वाटले, ही माझी चूक आहे."

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. दादा म्हणाला, "काय गं, जांभई का?" आणि मी हो म्हणाले.

सकाळी वहिनी ते पान द्यायला आधीच्या बसने गेली, आणि तिच्या मागोमाग मी, बाकीच्या पोरी यायच्या आधी, तळघरात गेले. फूटपट्टी बाई एकट्याच होत्या, चष्मा पुसत.

"बाई, ग-२०४ मधली सत्तावीस नंबरची ओळ मी लिहिलीय."

"सगळ्याच ओळी तू लिहिल्यास."

"तसं नाही. फॉर्म कोरा होता. मी मनाने लिहिली. ते पाकीट माझ्या वहिनीचं आहे."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. किल्ली घेतली, स्टोअरमधून पाकीट आणलं, फॉर्म टेबलावर पत्त्यांसारखे लावले. सत्तावीस नंबर. त्यांनी कोऱ्या रेघांवरून बोट फिरवलं, एकेका रेघेवरून, चारही. मला वाटलं ओरडतील. ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते, मला ते जमतं.

"हे पोर गप्प बसलं होतं," त्या म्हणाल्या. "तू त्याच्या तोंडात शब्द घातलेस. माणूस आपलं म्हणणं दुसऱ्याच्या गळ्यात का बांधतो, ठाऊक आहे? स्वतः बोलायची हिंमत नसते म्हणून."

"हो."

"उद्यापासून येऊ नकोस. ओळ मी आज काढते, खरा निकाल वर पाठवते. तुझी गोष्ट साहेबांना सांगावी लागेल."

"आणि वहिनीचं पान?"

"ते तिने तिच्या सहीने दिलंय. सकाळीच आलं. तिने स्वतः पाच वाजायच्या आत परत मागितलं तरच मिळेल. मी नाही काढू शकत." मग फॉर्म गोळा करत म्हणाल्या, "ते तूच जाऊन सांग. तेवढं काम बाकी आहे तुझं."

दिवसभर मी जिन्यात बसून होते. साडेचारला तिसऱ्या मजल्यावर गेले.

वर्गाचं दार उघडं होतं. चार पोरं होती, आणि त्यात निळा स्वेटर. वहिनी खुर्चीवर नव्हती, त्यांच्यातच बाकावर दाटीने बसली होती. "हे अवघड आहे," ती त्याला सांगत होती. "मला पहिल्यांदा दोन दिवस लागले होते. कुठपर्यंत कळलं, तेवढं सांग." निळ्या स्वेटरने वहीवर एक बोट ठेवलं.

मला बघून ती हसली. "ये ना. बस."

"बाहेर ये."

बाहेर येऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. मी सांगितलं. फ्रिजवरचा नंबर, कोरा फॉर्म, बिस्किटं, सगळं. सांगताना मी तिच्या चपलांकडे बघत होते. एकीचा पट्टा दोऱ्याने शिवलेला होता.

"मी वर्गापुढे माफी मागितली," ती म्हणाली.

"हो."

"त्या पोराला वाटत असेल, मॅडम आपल्याकडेच का बघतात. चार दिवस मी त्याच्या मागे आहे, आणि त्याने काहीच केलं नव्हतं."

"वहिनी, पाच वाजायच्या आत पान परत माग. बाई म्हणाल्या मिळेल."

"दोन वर्षं तू माझ्यासमोर बसत होतीस. टेबलाच्या पलीकडे. तेव्हा का नाही बोललीस?"

माझ्याकडे उत्तर होतं. बोलले असते तर तू म्हणाली असतीस... पण ते वाक्य मी गिळलं. आत्ता ते बोलायचा हक्क माझा नव्हता.

तिने घड्याळ बघितलं. पावणेपाच झाले होते. मग दाराकडे बघितलं. "आत पोरं खोळंबलीत," ती म्हणाली आणि आत गेली. दार लावलं, हळू, कडी न वाजवता. मी पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत तिथेच उभी होते. ती बाहेर आली नाही.

तिला कायम केलं नाही. पुन्हा एका वर्षाची सही. त्या पानामुळे की जागाच नव्हती, कुणी सांगितलं नाही, आणि मला विचारायला तोंड नव्हतं.

घरी तिने एवढंच सांगितलं की तळघरातलं काम संपलं, म्हणून ठिणगी आता घरी. दादा जेवताना चिडला होता. "त्या एका कार्ट्याने घात केला. चार वर्षं मेहनत करायची आणि कुणी तरी तीन ओळी खरडतो."

"पोराने काही केलं नाही," वहिनी म्हणाली आणि मला वाढलं. तिने माझ्याकडे बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी स्वतःला सांगते. तिने बघितलं नाही. मी घास गिळला. दादाला अजून माहीत नाही.

दहावीचा फॉर्म मी कचऱ्यात टाकला नव्हता, रागातही नाही. चुरगळून ड्रॉवरमध्ये कोंबला होता. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तो सरळ केला, सही केली आणि त्याच चुंबकाने फ्रिजवर लावला. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. कुणी नेऊन दिला ते मी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही.

मग एका रविवारी मी वही घेऊन टेबलाशी बसले. वहिनी भांडी आवरत होती. हात पुसून समोर आली, वही स्वतःकडे ओढली आणि पेन्सिलीने तीन ओळी लिहिल्या.

"हे बघ, सो..."

तिचा हात थांबला. वही तिने परत माझ्याकडे सरकवली, हळूच, पाहुण्याकडे सरकवावी तशी.

"कुठपर्यंत कळलं?" तिने विचारलं.

त्या दिवशी मला तिसऱ्या ओळीपर्यंत कळलं होतं. पण मान वर होईना. तिने पहिल्यापासून सांगावं म्हणून मी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि तसंच ठेवून बसले.