खुर्चीवर ठेवलेला कोट

मला घाबरट म्हणा, मी ऐकून घेईन. उंटाच्या रंगाचा, गुडघ्याखाली उतरणारा लोकरीचा कोट आहे मी. अंग भारी, पण काळीज चिमणीचं. उद्या मला पुन्हा विमानात बसायचंय. म्हणून ज्या घरातून मी आज निघालो, तिथे जे कुणी कुणाला सांगितलं नाही, ते मीच बोलून टाकतो.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ठाऊक नाही. बटणं लावणाऱ्या बाईचे हात गार होते आणि ती सारखी खोकायची, एवढं आठवतं. पुढचं आठवतं ते मस्कतच्या हमरियातलं जुन्या कपड्यांचं दुकान. बाहेर रस्त्यावर पापड भाजावा असं ऊन आणि आत मी, लोकरीचा! गिऱ्हाइकं मला चिमटीत धरून हसायची. "काय भाई, हा घालून भट्टीत उतरायचं काय?" तीन उन्हाळे मी तसाच टांगलेला.

मग वजीरा आली. रत्नागिरीकडची बाई, त्याच गल्लीत वर राहायची. नवरा महमूद एका कंपनीत स्टोअरकीपर, मुलगी अंबरीन सोळा वर्षांची. पोरीला कपड्यांचं भारी वेड. बापाने शब्द देऊन ठेवलेला, दहावीत नव्वदच्या वर गेलीस तर फॅशनचं गाव दाखवीन, इटलीतलं मिलान. त्याला वाटलं, कसली जाते! ती गेली ब्याण्णववर.

तिथल्या थंडीसाठी वजीराने मला विकत घेतलं आणि आधी खालच्या शिंप्याकडे नेलं. डाव्या छातीशी आतून खिसा शिवून घेतला, वर झाकण, झाकणाला बटण. "मास्टर, तीन पासपोर्ट मावले पाहिजेत हां."

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. महमूदचा कंपनीतला करार संपत आलेला. इथे आठवडा रविवारी सुरू होतो; त्या सकाळी पासपोर्ट घेऊन ऑफिसात उभा राहिला तर पुढची दोन वर्षं पक्की, नाही तर बिऱ्हाड गुंडाळायचं आणि अंबरीनची शाळा खलास. परतीचं विमान शनिवारचं. एवढा सगळा संसार माझ्या एका खिशात, एका बटणावर.

मिलानला उतरलो आणि मी भीती विसरलो, खोटं कशाला बोलू? मस्कतमध्ये मी एकटाच, आणि इथे सगळा रस्ता माझ्या भाऊबंदांनी भरलेला! काळे, करडे, मातकट, झग्यासारखे लांब. सत्तरीच्या बाया ओठ लाल करून, टाच खटखटवत ट्राममधून उतरायच्या. कुत्र्याला कोट. तरण्या पोरांच्या गळ्यात हा एवढा मफलर आणि खाली घोटे उघडे.

"अगो, पाय गारठत नाहीत काय यांचे?" वजीरा विचारायची.

"अम्मी, ती स्टाईल आहे."

"स्टाईल? माझ्या मावशीने पाहिलं तर म्हणेल, पोराला मोजे घ्यायला कुणी नाही."

अंबरीन मोबाईल धरून लोकांच्या मागे मागे. बुटांचे फोटो, टोप्यांचे फोटो, एका म्हातारीच्या नुसत्या हातमोज्यांचे फोटो. सगळ्यात जास्त तिला आवडले ते बापे, जे कोट घालत नाहीत, नुसता खांद्यावर टाकतात. बाह्या रिकाम्या लोंबत असतात आणि ते राजासारखे चालतात. मलाही वाटलं, आपल्याला असं कुणीतरी मिरवावं. देवाने ऐकलं. ऐकायला नको होतं.

शुक्रवारची दुपार. मोठ्या चौकाच्या कडेला एक कॅफे होतं, टेबलं बाहेर मांडलेली. आता चूक कशी झाली ते ऐका. मस्कतमध्ये आपल्या लोकांची रीत आहे. मॉलमध्ये जेवायला गेलं की आधी टेबल धरायचं. त्यावर पर्स ठेवायची नाही तर मोबाईल, आणि सगळ्यांनी मिळून ऑर्डर द्यायला जायचं. अर्ध्या तासाने परत या, पर्स तिथेच. वीस वर्षांत ही रीत महमूद-वजीराच्या हाडांत मुरलेली.

महमूद कॉफी आणायला आत गेला. ऊन पडलेलं. अंबरीन म्हणाली, "अम्मी, चल ना त्या चर्चच्या पायऱ्यांवर, एक फोटो. कोट काढ, नवीन ड्रेस दिसत नाही."

"आणि टेबल कुणी घेतलं तर?"

"कोट ठेव ना खुर्चीवर."

आणि वजीराने मला खुर्चीवर ठेवलं. नीट, घडी मोडू नये असं. पाठीवरून हात फिरवला आणि गेली.

अगो वजीरा, मला घेऊन जा! ओरडलो मी. पण कोटाचा आवाज कुणाला ऐकू येतो? खिशातले तीन पासपोर्ट विस्तवासारखे लागत होते. कबुतरं पायाशी आली. एक बाई थांबली, बघून पुढे गेली. मग एक सावली पडली, ती हलेना.

पन्नाशीचा माणूस. दाढी कातरलेली, बूट चकचकीत. त्याने इकडेतिकडे पाहिलं नाही. आपलीच वस्तू असावी तसं मला उचललं, खांद्यावर टाकलं आणि चालू लागला. बाह्या लोंबत्या. तिथल्या शंभर माणसांसारखा तो एक. कोण संशय घेणार?

माझ्या खिशाला त्याची छाती टेकली होती. आत काळीज नुसतं धाडधाड उडत होतं. तोही घाबरलेला! त्याने माझी भीती कमी नाही झाली, दुप्पट झाली. भ्यालेला माणूस काय करील, नेम नसतो. नदीत फेकील, कचऱ्यात टाकील.

तो चालत गेला तो नेमका पायऱ्यांच्या बाजूने. आणि मला अंबरीनचा आवाज ऐकू आला.

"अम्मी, ते अंकल बघ! काय मस्त कॅरी केलाय कोट! सेम तुझ्यासारखा आहे." आणि पोरीने फोटो काढला. माझी चोरी होत होती आणि ती फोटो काढत होती!

वजीरा हसली. "हां गो, अगदी तसाच." मग तिने टेबलाकडे पाहिलं. खुर्ची रिकामी.

"या अल्ला! पासपोर्ट!"

ही बाई हमरियात कधी जिन्यावरूनसुद्धा धावली नव्हती. ती पायऱ्या उतरून अशी धावली की कबुतरांचा थवा उडाला. तिने माझी बाही धरली आणि सगळा जीव लावून ओढली. बाहीत हात नव्हताच. मी सुळकन निसटून तिच्या अंगावर पडलो. तो माणूस थांबला नाही, वळला नाही. फक्त मान खाली घालून भरभर चालत राहिला.

वजीराला बटण उघडता येईना. अंबरीनने उघडलं. एक, दोन, तीन.

कॉफीचा ट्रे घेऊन महमूद आला तेव्हा दोघी जमिनीवर बसून रडत होत्या. त्याने ऐकलं, ट्रे खाली ठेवला आणि तोही शेजारी बसला. मग म्हणाला, "घरी कुणाला बोलायचं नाही. लोक म्हणतील, वीस वर्षं परदेशात राहिला आणि अक्कल नाही."

रविवारी तो ऑफिसात वेळेवर उभा राहिला. दोन वर्षं मिळाली. तोंडं मात्र बंद झाली ती झालीच. गल्लीत सगळ्यांना फोटो दाखवून झाले, लाल ओठांच्या म्हाताऱ्या, कुत्र्याचा कोट, उघडे घोटे. तो एक फोटो अंबरीन पटकन पुढे सरकवते. पुसत मात्र नाही.

आणि आज तृप्ती आली. महमूदच्या कंपनीतल्या स्वप्निल इंजिनियरची बायको, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या माबेलाहून. दोन लहान मुलं घेऊन ती दोघं उद्या रोमला निघालीत.

"वजीराभाभी, तुमचा कोट मिळाला, देवच पावला. पासपोर्ट कुठे ठेवलेले तुम्ही?"

"आत खिसा आहे बघ. एकदम सेफ."

तृप्तीने पर्समधून चार पासपोर्ट काढून लगेच आत घातले. मावले. मी वजीराकडे बघत राहिलो. आता सांगेल. तिने तोंड उघडलंही. आतल्या खोलीत महमूद खोकला.

"सरबत घेतेस?" वजीरा म्हणाली.

आता मी तृप्तीच्या गाडीत पुढच्या सीटवर पडलोय. ती समोरच्या दुकानात दूध आणायला उतरलीय. इंजिन चालू, एसी चालू, दाराला लॉक नाही. दोघेजण काचेजवळून गेले, त्यातल्या एकाने आत पाहिलं आणि सरळ पुढे गेला. इथे कुणी हात लावणार नाही, मला ठाऊक आहे. त्याचंच तर भ्या वाटतं. तुमच्यापैकी कुणी तिला ओळखत असाल तर उद्याच्या आत एवढं सांगा, की बाई, रोमला कुठेही बसलीस तरी कोट अंगावरून काढू नकोस.