पुसलेलं नाव आणि मी

मित्रांनो, भवानी पेठेतल्या आमच्या बोळात आलात, तर कुणीतरी तुम्हाला बाजूला घेऊन सांगेल, "त्या छापखान्यात जाऊ नका, तिथल्या मशीनला भूत लागलंय." ती मशीन मीच. एकरंगी छपाई करणारी एक जुनी ऑफसेट मशीन. लोकांचं सगळंच खोटं आहे, असं मी म्हणणार नाही. झालं काय, ते ऐका आणि मग तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, पण मला आठवतं ते इथलंच. शेजारच्या चादरी विणणाऱ्या मागांची खडखड, शाईचा वास आणि पीरसाब. पीरसाब माझा मशीनमन. सकाळी आला की आधी माझे रोलर पुसायचा, मगच चहाला तोंड लावायचा. कागद उचलायला मला हवेचा पंप आहे. तो चालताना श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. पीरसाब कौतुकानं म्हणायचा, "म्हातारी झाली, पण दम बगा की हिचा. कदी खोकत न्हाई!"

मी काय काय छापलं! चादरींची लेबलं, लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं. पण माझा तोरा होता तो एका संशोधन पत्रिकेमुळे. जाड मुखपृष्ठ, आत मोठमोठे लेख, आणि पहिल्याच पानावर नीतिनियम: 'ज्याचे संशोधन, त्याचेच नाव. प्रत्येक लेख दोन तटस्थ तज्ज्ञ तपासतात. तक्रार असल्यास संपादकांकडे करावी.' ते पान छापताना माझी छाती फुगायची.

संपादक होते गुरुसिद्धप्पा सर. माणूस गोड, नेहमी खिशात खडीसाखर. पण ते दोन तटस्थ तज्ज्ञ मी कधी पाहिले नाहीत. सर आमच्याच टेबलाशी बसून दोघांचे अभिप्राय लिहायचे, एकाचा निळ्या पेनानं, दुसऱ्याचा काळ्या. आपला हात जगन्नाथ, दुसरं काय! पीरसाब हसायचा, मीही हसायचे. तेव्हा ती गंमतच वाटायची.

मग शिवलीलाचा लेख आला. शिवलीला सरांची विद्यार्थिनी, मूळची वळसंगची. तिची आई, म्हणजे तिची अव्वा, दानम्मा आमच्या मागच्याच गल्लीत मागवाल्यांसाठी सूत गुंडाळून कांड्या भरायची. सुताची धूळ छातीत जाऊन जाऊन तिला खोकला लागला होता, आणि तो काही केल्या सुटेना. तो खोकला ऐकतच शिवलीला मोठी झाली. म्हणून तिनं कांड्या भरणाऱ्या बायकांचा दम मोजायचं ठरवलं. उन्हातान्हात घरोघर जाऊन, हातातल्या नळीत एकेकीला फुंकायला लावून तिनं तो अभ्यास केला. मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव खाली, तिचं वर. प्लेट तशीच तयार झाली आणि पीरसाबनं ती माझ्यावर चढवली.

तेवढ्यात सर आले. त्यांच्या बढतीची मुलाखत जवळ आली होती.

"पीरसाब, वरचं नाव काढायचंय."

"प्लेट झालीय की सर."

"मग पुसून टाक. तिचं पुढच्या अंकात बघू. लहान आहे अजून."

ऑफसेटच्या प्लेटवरचा मजकूर औषध लावून पुसता येतो. चुकलेली तारीख, सुटलेली रेघ आम्ही अशीच काढतो. पीरसाबनं बोळा औषधात बुडवला आणि शिवलीलाचं नाव पुसलं. मित्रांनो, मशीनला जीभ नसते. मी फिरत राहिले आणि पानांमागून पानं सरांच्या एकट्याच्या नावानं बाहेर पडली.

अंक बांधायला जायच्या आधीच दानम्मा छापखान्यात आली. दारातच बसून तिनं खोकून घेतलं. तिला वाचता येत नव्हतं, पण लेकीचं नाव तेवढं ओळखू यायचं, शाळेच्या दाखल्यावर पाहून पाहून पाठ झालेलं.

"पीरसाबभाऊ, आमच्या लीलाचं आलंय म्हनं. दावा की."

पीरसाबनं पान पुढं केलं. दानम्मा वरपासून खालपर्यंत बोट फिरवत गेली. पान उलटलं, पुन्हा सुलटं केलं.

"हितं कुटं हाय?"

"वाळतंय अजून, अव्वा," पीरसाब म्हणाला. "मग दिसंल."

तिला ते पटलं. माझ्या कागद ठेवायच्या फळीला टेकून ती बराच वेळ बसली आणि खोकत राहिली. माझा पंप चालू होता. तिचा दम आणि माझा दम शेजारी शेजारी चालले होते.

खरं कळल्यावर शिवलीला आली. ती रडली नाही. तक्रार संपादकांकडे करायची होती आणि संपादक सरच होते. तरी ती त्यांच्याकडे गेली, तर सरांनी तिला खडीसाखर देऊन परत पाठवलं होतं. पीरसाबला राहवेना.

"बेटा, नवी प्लेट करतो. तुझं नाव घालून एक पान काढतो. फक्त अव्वाला दावाय. कुणाला कळणार न्हाई."

आईचे फार दिवस उरले नव्हते, हे तिला ठाऊक होतं. तिनं माझ्या थंड सिलिंडरवर हात ठेवला.

"नको, चाचा. सरांनी खोटं छापलं. मग आपण पण अव्वाला खोटंच दाखवायचं का? खरा अंक निघाला की दाखवीन."

काही दिवसांनी दानम्मा गेली. वाळायचं राहिलेलं नाव तिला शेवटपर्यंत दिसलं नाही.

त्यानंतरच ते सुरू झालं. सरांना बढती मिळाली, म्हणून पत्रिकेचा गौरवांक निघाला. पहिल्या पानावर सरांचा फोटो. पहिला कागद बाहेर आला आणि पीरसाबनं मला थांबवलं. सरांच्या कपाळावर फिकट, राखाडी अक्षरं उमटली होती: शिवलीला. पीरसाबनं रोलर धुतले. पुन्हा तेच. प्लेट बदलली, ब्लँकेट नावाचं माझं रबर बदललं. तरी नाव येतच राहिलं. मला स्वतःला भीती वाटू लागली. माझ्याच अंगातून येत होतं आणि मला कळत नव्हतं कुठून.

सर धावत आले. "नीट धू रे!"

पीरसाबनं हातातला बोळा त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला.

"सगळं धुऊन झालंय, सर. आता तुमीच धुवा."

सरांनी ते पान उचललं. मग त्याच टेबलाशी बसले, जिथे ते तज्ज्ञांचे अभिप्राय लिहायचे. खिशातून पेन काढलं, आणि एकाच पेनानं लिहिलं: 'मागील अंकातील लेखाचे संशोधन शिवलीला यांचे आहे. त्यांचे नाव संपादकाने काढले. तो लेख त्यांच्या नावाने पुन्हा छापत आहोत.' खाली सही केली.

तो अंक मी छापला. नाव काळंभोर, ठसठशीत आलं. राखाडी अक्षरं गेली ती गेलीच. पीरसाबनं सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकायला गेले आणि माझा पंप अडखळला. खुळ्... खुळ्... पीरसाबनं झडपा उघडून पाहिल्या, वंगण घातलं. बिघाड सापडला नाही. तो आवाज त्यानं ओळखला. मीही ओळखला.

शिवलीला अंक न्यायला आली, पीरसाबनं तो तिच्या हातात दिला. तो घेऊन ती आई बसली होती तिथेच, माझ्या फळीला टेकून बसली. नावावर बोट ठेवलं आणि हलकेच म्हणाली, "अव्वा, वाळलं बघ." माझा पंप तेव्हा बंद होता, मित्रांनो. तरीही आम्हा तिघांना खोकला ऐकू आला.

आता मला कुणी काम देत नाही. लवकरच भंगारवाला येईल. तुम्ही मोठे व्हाल, लिहाल, तपासाल, छापाल. ज्याचं काम, त्याचं नाव घाला. उद्या घालू म्हणू नका. चूक पुढच्या अंकात दुरुस्त होते हो, पण नाव शोधत बसलेलं माणूस पुढच्या अंकापर्यंत थांबत नाही.