रेषेवर टेकलेला हात

मी अंकुशची रग्बीची टोपी बोलतेय. आत फोमचे तुकडे, कानांपाशी भोके, हनुवटीखाली बंद. मी येण्याआधीचे जे सांगते, ते मी यंदा नऊ फेब्रुवारीला सकाळी ऐकले. नागपुरात लकडगंजच्या घरी अंकुशच्या आई, कुसुमताई, मला दोरीवर वाळत घालताना शेजारच्या वच्छलाबाईंना ते सांगत होत्या. बाकीचे मी स्वतः अनुभवले आहे.

अंकुश मुळात कबड्डीचा. पकडीतून निसटून मधल्या रेषेला हात लावला की सुटलो, हे त्याच्या अंगात भिनलेले. रग्बीत मात्र शेवटच्या रेषेवर चेंडूच जमिनीला टेकवावा लागतो. अंकुश पडला की त्याचा मोकळा हात आपोआप रेषेकडे जाई आणि चेंडू काखेतच राही. वडिलांनी, रुपरावांनी, सदर बाजारातल्या दुकानातून मला आणले तेव्हा ते म्हणाले होते, "हात सुधरन तेव्हा सुधरन, डोस्कं तं शाबूत ठेव."

व्यावसायिक संघाची निवड चाचणी नागपुरातच झाली. चाचणीच्या सामन्यात अखेरच्या मिनिटाला अंकुशने रेषेकडे झेप घेतली. अंगावर तिघे कोसळले. पंचांनी गुण दिले. त्यासरशी सामना अंकुशच्या संघाचा झाला, आणि करारही जवळजवळ त्याचाच. तो उठून पंचांकडे गेला.

"सर, बॉल नाई टेकला. हात टेकला."

गुण रद्द झाले. त्याचा साथीदार दुर्गेश संतापला. "काहून सांगतलं गा? पंचाले दिसलं नव्हतं."

"मले माहीत होतं ना."

यादीत अंकुशचे नाव आले नाही. पुढचे चार महिने तो मोकळा हात कमरेला बांधून आरागिरणीच्या भुशावर रोज झेपावत राहिला. मग निवडलेल्यांपैकी एकाचा गुडघा दुखावला आणि त्याच्या जागी अंकुशला बोलावणे आले. सहा हंगाम तो खेळला. माझी शिवण तीनदा उसवली, त्याचा खांदा दोनदा निखळला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी खेळ थांबवला.

आता मी उन्नतीच्या डोक्यावर असते. तिच्यासारख्या वीस मुलींना अंकुश शिकवतो. त्याच्या मैदानावर पंच नसतो. रेषेवर पडलेल्या मुलीलाच तो विचारतो, "काय टेकलं वं?" ती सांगेल ते खरे.

मुलींनो, माझे बंद झिजले तर खुशाल बदला. ही रीत तेवढी राहू द्या.

एका गोष्टीची खात्री मात्र मला कधीच करता आली नाही. त्या चाचणीत मी मातीत तोंड खुपसून होते. चेंडू खरेच टेकला नव्हता का, हे मी पाहिलेले नाही. अंकुशने सांगितले, एवढाच माझ्यापाशी पुरावा आहे.