शिवराईवरचा अंगठा

मी एक जुनी शिवराई आहे. तांब्याची, जाडजूड, एका कडेला जराशी चपटलेली. मित्रांनो, तुमच्या खिशातल्या नाण्यांसारखी मी यंत्रातून गोल गरगरीत निघालेली नाही. तांबं वितळवलं, ऐरणीवर ठेवलं आणि वरून घण घातला, तेव्हा माझ्या अंगावर 'श्री राजा शिव' ही अक्षरं उमटली. त्यातला 'श्री' अर्धा बाहेरच राहिला, पण म्हणून माझा रुबाब काही कमी झाला नाही.

भोसल्यांच्या चाकरीतला एक कारकून नर्मदेकाठी आला, तेव्हा त्याच्या कमरेच्या कशात, पैशांच्या पिशवीत, मीही होते. पुढे राज्य गेलं आणि माझी किंमतही गेली. पण बाजारात ज्याला कोणी विचारत नाही, त्याला देव्हाऱ्यात जागा मिळते. त्या कारकुनाच्या वंशातली हेमलता लग्न होऊन जबलपूरच्या रांझीत आली, तेव्हा तिच्या ओटीतून मीही सासरी आले.

दर लक्ष्मीपूजनाला हेमलताबाई मला चिंच-मिठानं घासत आणि पाटावर ठेवून मधोमध कुंकू लावत. तेही बोटानं नव्हे, अंगठ्यानं, चांगलं दाबून. त्यांच्या माहेरची तशी रीतच होती. बोट टेकवलं तर लक्ष्मी टेकते, अंगठा दाबला तर बसते, असं त्या म्हणत. त्या अंगठ्यावर विळीनं कापल्याची एक आडवी खूण होती. मला ती डोळे मिटूनही ओळखू येई.

त्यांचे यजमान रत्नाकरराव खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात छत्तीस वर्षं स्टोअर सांभाळत होते. पितळ-तांब्याचे सुटे भाग काळे पडू न देणं हीच त्यांची नोकरी. निवृत्त झाल्यावर सांभाळायला काही उरलं नाही, मग त्यांची नजर माझ्याकडे वळली. आधी त्यांनी मला प्लास्टिकच्या पाकिटात घातलं. वर्षभरात मी हिरवी आणि चिकट झाले. शहाणा माणूस चुकला की चूक कबूल करत नाही, पद्धत बदलतो! त्यांनी पत्र्याची डबी आणली, मला बटर पेपरात गुंडाळलं, सोबत ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पुडी ठेवली आणि झाकणावर तपासणीची तारीख लिहिली. चैत्रात एकदा आणि दिवाळीला एकदा डबी उघडायची, तीही सुती हातमोजे घालून. चिंच बंद झाली. कुंकू माझ्याऐवजी शेजारच्या विड्याच्या पानाला लागू लागलं. खरं सांगते, मला ते सुखाचं वाटलं. घासणं थांबलं, अक्षरं झिजण्यातून वाचली.

हेमलताबाईंना मात्र ते रुचलं नाही. चार वर्षं त्यांनी पानालाच कुंकू लावलं. पाचव्या दिवाळीला मात्र चकल्या तळून उठलेल्या हातानं त्यांनी कुंकवात अंगठा बुडवला आणि थेट माझ्यावर आणला.

"हात नको लावू!" रत्नाकरराव ओरडले. "किती वेळा सांगून राहिलो मी!"

अंगठा जेमतेम माझ्या कडेला टेकला होता. तो तिथंच थांबला.

"तुम्ही काहून एवढे ओरडून राहिले?" हेमलताबाई हळूच म्हणाल्या. "लक्ष्मीला हातमोजे घालून कुंकू लावू का मी?"

मग त्या उठून आत गेल्या. पूजा अर्धीच राहिली. रत्नाकररावांनी रागारागात माझ्यावरचं कुंकू झटकलं आणि मला न पुसताच गुंडाळून डबीत टाकलं. स्टोअरच्या माणसाकडून अशी चूक व्हायला नको होती. महिनाभरानं, मार्गशीर्षात, हेमलताबाई बसल्या जागी गेल्या.

त्या दिवशी मला डबीत कळलं. दिवेलागणीच्या वेळी माझी ती कड ऊबदार झाली, कोणी धरून ठेवल्यासारखी.

चैत्रात डबी उघडली. माझ्या कडेला तपकिरी अंगठा उमटला होता आणि त्यात ती आडवी खूण होती. रत्नाकररावांनी तो स्पिरिटनं पुसला. कापूस स्वच्छ निघाला, ठसा तसाच. मग ज्या माणसानं या घरातली चिंच बंद केली होती, तोच चिंच घेऊन मोरीत बसला आणि मला खसाखसा घासू लागला. ठसा गेला. तुम्ही म्हणाल, हाताच्या घामातलं मीठ तांबं खातं, त्याचा डाग वर येतो. खरं आहे. मी तांब्याची आहे, मला माहीत आहे.

पण दिवाळीला डबी उघडली, तेव्हा अंगठा पुन्हा होता, पहिल्यापेक्षा काळा. आणि आता तो कडेला नव्हता. 'राजा'च्या 'रा'पर्यंत आला होता. सहा महिने रोज दिवेलागणीला तो कणाकणानं सरकत होता आणि मला आतून ते जाणवत होतं. मला भीती वाटत होती, मित्रांनो. तांब्यालाही भीती वाटते.

पूजेची तयारी सून प्रणोती करत होती. सासऱ्यांचा पडलेला चेहरा पाहून ती जवळ आली.

"बाबा, काय झालं? द्या, मी घासून देते."

"राहू दे, बेटा. मी घासलं होतं. पुसलं तरी परत येऊन राहिलं."

प्रणोतीनं वाकून पाहिलं.

"बाबा, ही तर आईंच्या विळीची खूण!" ती म्हणाली, "गेल्या दिवाळीला आई कुंकू अर्धवट सोडून उठल्या होत्या ना? मधोमध लावायचं राहिलं होतं त्यांचं."

चैत्रापासून रत्नाकररावांना वाटत होतं, हेमलता आपल्यावरचा राग दाखवायला येते आहे. ती तर राहिलेलं काम पुरं करायला निघाली होती, आणि ते तिला पुन्हा पुन्हा मागं ढकलत होते.

त्यांनी हातमोजे काढले. उघडा अंगठा कुंकवात बुडवला आणि माझ्या मधोमध दाबला, चांगला जोर लावून.

"चलो, हेमलता, बसली लक्ष्मी," ते म्हणाले. "माझं चुकलं."

मग मला न पुसता, मुद्दाम न पुसता, त्यांनी डबीत ठेवलं. दिवेलागणीची ती ऊब त्या दिवसापासून थांबली.

यंदा चैत्रात तारखेला डबी उघडली. माझ्या मधोमध एकच ठसा होता, रत्नाकररावांचा. आडव्या खुणेचा मागमूस नव्हता. त्यांनी भिंग लावलं, खिडकीशी नेऊन पाहिलं.

"गेली," ते प्रणोतीला म्हणाले. गेल्या चैत्रात जो ठसा नको होता, त्याच्यासाठी त्यांचे डोळे भरून आले.

प्रणोतीनं मला त्यांच्या हातून घेतलं, कडेनं, जपून, आणि उलटं केलं.

माझ्या मागच्या अंगाला कधी कोणी कुंकू लावलेलं नाही. तिथं बरोबर त्यांच्या अंगठ्याच्या पाठीमागे दुसरा अंगठा उमटला होता, आडव्या खुणेचा. एकानं द्यावं आणि दुसऱ्यानं घ्यावं, तसं दोघांनी मला दोन बाजूंनी धरलं होतं.

मित्रांनो, तुमच्या घरी जुनं तांबं असेल तर त्याला कोरडं ठेवा, प्लास्टिकात कोंडू नका, कडेनं धरा, चिंचेनं सोलू नका. पण त्याच्याकडे मायेनं आलेला हात कधी झिडकारू नका. तो हात मला अजून सोडायला तयार नाही.