अंदाजाचा ठिपका

कंपनीची जहाजं कुठवर आली ते भिंतीएवढ्या पडद्यावर पाहत बसणं, हे वहिनींचं काम. नवरा त्याच कंपनीच्या जहाजावर इंजिनवाला, म्हणून अख्ख्या ऑफिसच्या त्या वहिनी.

जहाजाचा सिग्नल आला की ठिपका हिरवा. सिग्नल तुटला की ठिपका फिका व्हायचा आणि संगणक त्याला आपल्या अंदाजानं वेळापत्रकातल्या एकामागून एक बंदराकडे सरळ रेषेत ढकलत राहायचा. संगणकाला बंदरं ठाऊक, खडक नव्हेत. जहाज बुडालंच, तर ते ज्याच्या टेबलावर असेल त्यानं स्वतःच्या हातानं ठिपका पुसायचा, असा तिथला रिवाज.

चार महिन्यांपूर्वी नवऱ्याचं जहाज वादळात गेलं. एक उलटी होडी तेवढी सापडली. वहिनींनी ठिपका पुसला नाही. साहेब दोनदा म्हणाले, "वहिनी, पुसा आता." तिसऱ्यांदा म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं, मग त्यांनी कानाडोळा केला. आशा वेडी असते. वहिनी डबा खाता खाता ठिपक्याला दटावायच्या, "आज फारच रेंगाळलात हं!"

एका सकाळी दाट धुकं होतं आणि फिका ठिपका घरच्या बंदराकडे येत होता. त्याच्या मागं एक भाड्यानं घेतलेलं जहाज होतं, कप्तान नवा. वायरलेसवर तो म्हणाला, "बाई, तुमचं पुढचं जहाज उत्तर देत नाही. असू दे, मी त्याच्याच मागोमाग येतो."

"अहो, तिथं जहाज नाही! पडद्यावरचा अंदाज आहे नुसता."

"अंदाज कसला? मागचा दिवा दिसतोय. कठड्याशी एक माणूस उभा आहे, हात करतोय."

विचारायचं नव्हतं, तरी तोंडून निघालंच. "कसा आहे माणूस?"

"उंच. पण पोक काढून उभा आहे."

इंजिनघरात वाकून वाकून आलेलं ते पोक. सुट्टीवर आले की वहिनी त्यावर तेल चोळायच्या.

ठिपक्याची सरळ रेष पाण्याखालच्या खडकावरून जात होती. "मागं फिरा, पुढं खडक आहे!" त्या ओरडल्या.

"मग ते जहाज कसं चाललंय? चेष्टा करता का?"

वहिनींनी पुसायच्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. अजून थोडं, बंदराला लागू दे, उतरताना कुणाला तरी दिसतील, असं वाटलं. मग वाटलं, मागच्या जहाजावरही कुणाकुणाचे नवरे असतील. काळजावर दगड ठेवून त्यांनी ठिपका पुसला.

"दिवा गेला! समोर पांढरं पाणी! इंजिन उलटं घ्या, उलटं!"

नंतर नुसती खरखर. साहेब धावत येऊन खुर्चीमागं उभे राहिले. बऱ्याच वेळानं कप्तानाचा आवाज आला, धापा टाकत. "थांबलो. थोडक्यात वाचलो. बाई, ते पुढचं जहाज गेलं कुठं?"

"बुडालं." हा शब्द वहिनींनी आजवर कुणापाशीही उच्चारला नव्हता.

"कधी?"

"आत्ता," वहिनी म्हणाल्या, आणि टेबलावर डोकं टेकून हमसून हमसून रडल्या.